निमित्ताशिवाय

"आत्या, ह्यांना घरातनं कुणी इचारत न्हाई का गं, कुठं चाललाय म्हणून?"

सिनेमा सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली होती. फिनलंडचा सिनेमा, आल्ली हापासालो या दिग्दर्शिकेचा, २०२२चा. मूळ नावाचा अर्थ 'मुली, मुली, मुली'. बाहेरच्या जगात तो 'गर्ल पिक्चर' म्हणून ओळखला जातो. सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस मिळालं होतं. लागोपाठच्या तीन शुक्रवारांची गोष्ट आहे. मिम्मी आणि रोंक्को या मैत्रिणी मॉलमधल्या ज्यूसच्या काउंटरवर काम करतात आणि संध्याकाळी पार्ट्यांना जातात. तिसरी एम्मा, बर्फावरच्या स्केटिंगचा सराव करून करून थकलेली. मिम्मी आणि एम्मा एकमेकींच्या प्रेमात पडतात. रोंक्को आपल्याला नेमकं काय आवडतं ते शोधत राहते. चुकतात, भांडतात, रडतात. मरत मात्र कुणी नाही, आणि कुणाला गावही सोडावं लागत नाही.

माझी भाची एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. हातकणंगल्याहून रोज कोल्हापूरला जाते. दोन मुली एकमेकींना जवळ घेतात तिथं ती दचकेल, असं मला वाटलं होतं आणि खरं सांगायचं तर दचकायची तयारी मीच केली होती. तिनं ते सहज पाहिलं. ती अडली ती दुसरीकडेच. या पोरी दारातून बाहेर पडतात आणि ओट्यावरून, स्वयंपाकघरातून, शेजारच्या खिडकीतून कुणाचाच आवाज येत नाही, याचं तिला नवल वाटलं.

आमच्याकडे 'कुठं निघालीस?' हा प्रश्न चौकशीचा नसतो, तो नमस्कारासारखा असतो. म्हातारी माणसं मायेनंच विचारतात. माझ्या पुतण्यालाही विचारतात, "कुठं रं?" तो म्हणतो, "असंच." विषय संपतो. पोरीचं 'असंच' मात्र कुठंच संपत नाही. असंच म्हंजे? कुणासंगं? कवा येणार? म्हणून पोरी लहानपणीच शिकतात की उत्तरात एक नाम हवं. झेरॉक्स. क्लास. ब्लाउजचं माप. मैत्रिणीची वही. देऊळ. माझ्या वेळेला झेरॉक्सचं दुकान स्टँडजवळ होतं आणि एका पानाची झेरॉक्स काढायला मला दीड तास लागायचा. घरच्यांना ते कळत नव्हतं असं नाही. निमित्त दिलंय ना, मग चाललं, असा तो अलिखित करार होता.

भाषेत तर सगळं लिहूनच ठेवलंय. पोरगं हिंडलं तर ते उनाड. त्या शब्दात राग असतो, पण कौतुकाचा एक थेंबही असतो. उनाड पोरं पुढं नाव काढतात अशा गोष्टी आपण चवीनं सांगतो. पोरगी हिंडली तर ती उंडगी, भटकभवानी. या शब्दांत कौतुक शोधून सापडत नाही. रिकाम्या हिंडण्यासाठी मराठीत मुलीला लावता येईल असा एकही सरळ, निर्मळ शब्द मला आठवत नाही. मुलीला 'वळण' लावायचं असतं, आणि वळण म्हणजे शेवटी वाट कुठं वळावी हे दुसऱ्यानं ठरवणं.

परंपरेनं पोरींना मोकळं सोडलंच नाही असं म्हणणं मात्र खोटं होईल. पंचमीला झोके असायचे. आमच्या भागात नवरात्रात हादगा, गौरीच्या रात्री जागर. झिम्मा, फुगडी, पहाटेपर्यंत गाणी, आणि त्या रात्री सासूसुद्धा 'झोप आता' म्हणत नसे. मी लहानपणी पाहिलेल्या बायकांमध्ये सगळ्यांत बेभान बायका मी गौरीच्या जागरात पाहिल्या. पण तो मोकळेपणा तिथीनं बांधलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बायका पदर नीट करून भाकऱ्या थापायला बसलेल्या. समाजानं वाफ जायला भोक ठेवलं होतं, झाकण काढलं नव्हतं. सण हेही एक निमित्तच होतं.

मग शिक्षण आलं, सगळ्यांत मोठं निमित्त. या तालुक्यानं त्याबाबतीत मान खाली घालायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्या कुंभोजचे, जन्म १८८७चा. त्यांचं साताऱ्यातलं वसतिगृह चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे, ती मला नेहमी सक्तीच्या कायद्याहून जास्त ओढते. १९१८ साली महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. मागं त्यांची पत्नी इंदुमती, जेमतेम अकरा-बारा वर्षांची. राजघराण्यातल्या बालविधवेचं पुढं काय व्हायचं ते ठरलेलं होतं: पडदा, पोथी आणि एक खोली. महाराजांनी सुनेला कोल्हापूरबाहेर सोनतळीच्या बंगल्यावर ठेवलं, मास्तर नेमले आणि सोबतीला वेगवेगळ्या जातींतल्या मुली शिकायला आणल्या. घरातून विरोध झाला, तो त्यांनी जुमानला नाही. पुढं इंदुमती राणीसाहेब मॅट्रिक झाल्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्था काढल्या.

त्या संस्थांबद्दल लिहिलं जातं. मला कुतूहल आहे ते सोनतळीच्या दुपारचं. मास्तर जेवायला गेलेत, महाराज करवीरात आहेत, माळावर वारा सुटलाय आणि दहा-बारा वर्षांच्या, वेगवेगळ्या जातींतल्या काही पोरी एकत्र आहेत. तेव्हा त्या काय करत होत्या? चिंचा पाडत होत्या? एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या? इतिहास याची नोंद ठेवत नाही, कारण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. मला पडद्यावर ती दुपार पाहायची आहे.

निष्पन्न काय झालं, हा आपला आवडता प्रश्न आहे. बंडखोर मुलीला आपण माफ करतो, पण पुढं ती उपयोगाची निघाली तरच. रखमाबाई घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर तिनं नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, १८८४ साली दावा लावला. १८८७ साली न्यायालयानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली, ती लंडनला गेली, डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले. आज आपण तिचं नाव आदरानं घेतो. अनंत महादेवन यांनी तिच्यावर सिनेमा केला, त्याचं नावही 'डॉक्टर रखमाबाई'. समजा ती डॉक्टर झाली नसती. तुरुंगाला हो म्हणाली, खटल्यातून सुटली आणि मग गिरगावात आईजवळ राहून नुसती पुस्तकं वाचत म्हातारी झाली असती, तर? नकार तोच, धैर्य तेच. पण आपण तिला विसरलो असतो, किंवा हट्टी म्हणून लक्षात ठेवलं असतं. डॉक्टरकी हे तिच्या नकाराला मागाहून मिळालेलं निमित्त आहे.

आपल्या सिनेमाकडे या नजरेनं पाहायला लागलं की एक गोष्ट डोळ्यांत खुपते. आपल्या पडद्यावरच्या पोरीला बंड करायला एक पुरुष लागतो. नकोसा नवरा किंवा हवासा प्रियकर. तो नसेल तर बंडाला मुहूर्तच मिळत नाही.

'कुंकू' हा माझ्या मते मराठीतला सगळ्यांत धीट सिनेमा आहे, १९३७चा. 'प्रभात' तोवर कोल्हापूर सोडून पुण्याला गेली होती, पण कंपनी १९२९ साली जन्मली ती कोल्हापुरात, आणि व्ही. शांतारामही इथलेच. कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वर बेतलेली. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. पळून जात नाही, विहिरीत उडी घेत नाही. त्याच घरात राहते आणि नाही म्हणते. म्हाताऱ्याचा तरुण मुलगा अंगचटीला येतो तेव्हा त्याला छडीनं बडवते. नीराच्या बाजूनं उभी राहते ती म्हाताऱ्याची शिकलेली लेक, ती झाल्यात शकुंतला परांजपे. एवढं सगळं उभं केल्यावर शांताराम शेवटाला येऊन अडतात. नीराला सोडवायचं कसं? म्हातारे काकासाहेब जीव देतात आणि चिठ्ठी लिहून ठेवतात, तिनं पुन्हा लग्न करावं म्हणून. सुटका झाली खरी, पण तिचा कागद म्हाताऱ्याच्याच हस्ताक्षरात.

नीरा झालेल्या शान्ता आपटे जास्त पुढं गेल्या. १९३९ साली प्रभातशी खटका उडाला तेव्हा त्या स्टुडिओच्या फाटकात उपोषणाला बसल्या. दुसऱ्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. पडद्यावरच्या नीरेला घराबाहेर काढायला एक मरण लागलं. नटी आपल्या पायांनी फाटकाबाहेर येऊन बसली.

'जोगवा' (२००९) आमच्याच जिल्ह्याच्या मातीतला, राजन गवसांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. केसात जट निघाली म्हणून सुली यल्लम्माला सोडलेली. देवदासीच्या ज्या प्रथेविरुद्ध शाहू महाराजांनी १९२० सालीच कायदा केला, ती नव्वद वर्षांनंतरही सिनेमाचा विषय होऊ शकली, यातच काय ते आलं. सुलीचं बंडही तायप्पाबरोबर येतं, प्रेमातून. इथं मी तक्रार करणार नाही. जिला देवाच्या नावानं माणसांतून उठवलंय, तिला आधी माणूस म्हणून कुणीतरी पाहायलाच हवं होतं.

'सैराट'बद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती सिनेमाशी नसून आपल्याशी आहे. २०१६ साली आर्ची आली तेव्हा तालुक्यातल्या प्रत्येक गावात बुलेटवरच्या मुलीचं कौतुक झालं आणि 'असल्या सिनेमांनी पोरी बिघडतात' असंही त्याच तोंडांनी म्हटलं गेलं. आर्चीचा पूर्वार्ध आठवा. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहणाऱ्या पोरांना बाहेर काढते. प्रेमात पडण्याच्या आधीपासून ती मोकळी आहे. आपल्याला वाटतं, हीच ती, अखेर भेटली. पण दिग्दर्शक नागराज मंजुळे कच्च्या गुरूचे चेले नाहीत. तो मोकळेपणा बापाच्या खात्यावरचा आहे. पाटलाची पोर म्हणून गाव तिला वाट देतं. तिच्या जागी कुठल्या मजुराची पोर बुलेटवर बसती तर गावानं काय केलं असतं? बापाच्या मर्जीबाहेर पाऊल पडलं आणि खातं गोठलं. हैदराबादेत आर्चीला नळाच्या पाण्यापासून सगळं नव्यानं शिकावं लागतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 'कुंकू'त म्हातारा मरतो, 'सैराट'मध्ये पोरगी आणि पोरगा. एकोणऐंशी वर्षांत मरणारे बदलले. पोरीच्या स्वातंत्र्याचा हिशेब मरणाशिवाय मिटत नाही, हे बदललं नाही.

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' त्यातल्या त्यात निराळा. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली त्याला पुरस्कार मिळाला, आपल्याकडे २०२५मध्ये लागला. चंद्रपूरकडचं कापसाचं गाव, शिकायची इच्छा असलेली सविता आणि पुन्हापुन्हा बघायला येणारी माणसं. नाव काय, उंची किती, छंद कोणते. कलाकार गावातलेच. तो पाहताना मी अनेकदा हसले आणि प्रत्येक हसण्यानंतर मला माझा पाट आठवला. पण सविताला जे हवंय तेही शिक्षण आणि नोकरी, म्हणजे मान्य निमित्त. तिला नुसतंच बांधावर बसून राहायचंय, असं ती म्हणाली असती तर प्रेक्षक तिच्या बाजूनं राहिले असते का?

इथं कुणी म्हणेल, हे चोचले आहेत. फिनलंडमध्ये बायकांना १९०६ सालीच मतदानाचा हक्क मिळाला. त्यांच्या पोरी शुक्रवारी संध्याकाळी मॉलमध्ये भटकतील नाहीतर काय. आमच्या इचलकरंजीत ज्या घरात चार माग आहेत, तिथं पोरगी शाळेतून आली की कांड्या भरायला बसते. हुपरीत चांदीच्या घरकामात तिचे डोळे जातात. तिला रिकामा वेळच कुठाय? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. त्याच घरात, त्याच गरिबीत, तिचा भाऊ पानपट्टीपाशी उभा आहे. चार मागांच्या घरात त्याला मिळतो तो वेळ तिला का मिळत नाही? गरिबी घराची असते, वेळाची वाटणी मात्र पोरगा-पोरगी बघून होते. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हेच मांडलं होतं: बाईला रस्त्यावर दिसायचं तर कुठंतरी जात असल्यासारखं दिसावं लागतं. त्यांचा रस्ता महानगराचा होता. आमच्याकडे तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बापाला ओळखतो.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. माझी वहिनी सात वाजल्यानंतर घड्याळाकडे बघायला लागते तेव्हा तिच्या मनात काय असतं ते मला माहीत आहे, कारण माझ्या आईच्या मनात तेच होतं. पण ही भीती नीट उकलून पाहिली की तिच्यात दोन धागे निघतात. एक, कुणी तिला काही करेल. दुसरा, तीच काही करेल. कुणाशी बोलेल, आणि तो कुणाचा असेल. पहिल्या भीतीवर रस्त्यावरचे दिवे, बस, पोलीस असे उपाय आहेत. दुसऱ्या भीतीवर उपाय एकच, तिला घरात ठेवणं. आपण दुसरी भीती पहिलीच्या नावानं खपवतो, कारण पहिली बोलून दाखवता येते आणि दुसरीत जात लपलेली असते.

आणि फिनलंड म्हणजे काही स्वर्ग नाही. डोमे कारुकोस्की यांचा २००९चा 'फॉरबिडन फ्रूट' मी भाचीला मुद्दाम दाखवला. तिकडच्या उत्तरेत लेस्टाडियन नावाचा कर्मठ ख्रिस्ती पंथ आहे. टीव्ही नाही, दारू नाही, नटणंमुरडणं नाही, संततिनियमन नाही. त्या पंथातली मारिया लग्नाआधी एक उन्हाळा हेलसिंकीत काढायचं ठरवते. मोठी माणसं काय करतात? तिच्या मैत्रिणीला, राकेलला, तिच्यावर लक्ष ठेवायला मागोमाग पाठवतात. इथं भाची खो खो हसली. "आत्या, ही तर सोबत!" आमच्याकडे पोरीबरोबर 'सोबत' धाडतात. बहुधा सात वर्षांचा भाऊ, हातात कुरकुऱ्यांचं पाकीट, नाक वाहतंय, तो राखणदार. त्याला दहा रुपये दिले की तो काही पाहत नाही, हे सगळ्या बहिणींना माहीत. सिनेमातली सोबतच हळूहळू पाघळायला लागते आणि गोष्ट रंगते. मला आवडलं ते हे की राखणीला धाडलेलीही मुलगीच आहे आणि तिलाही शहर बघायचंय. पहारा करणारीला तिला काय हवंय ते कुणी विचारलेलं नसतं. माझी वहिनीही अशीच राखणीला ठेवलेली आहे, असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

तर, निमित्त. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. या पासानं किती पोरींची शाळा वाचली ते आमच्या स्टँडवर सकाळी उभं राहिलं की दिसतं. त्याच्याविरुद्ध एक अक्षर मी बोलणार नाही. पण पासावर गावं लिहिलेली असतात: इथून, इथपर्यंत. तेवढ्याच वाटेवर तो चालतो. शिक्षणानं पोरींना दिलेलं स्वातंत्र्य हे असं पासाचं आहे. त्यात एक 'पासून' आहे आणि एक 'पर्यंत'.

मग १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. या तिकिटावर कारण लिहायचं नसतं. राज्यात कुठंही जा, कशालाही जा. आणि लगेच पारावर, सलूनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद सुरू झाले की अर्ध्या तिकिटात बायका उगाच हिंडायला लागल्या. उगाच! गेल्या काही वर्षांत बायकांविषयी काढलेला सगळ्यांत खरा शब्द मला हाच वाटतो. काढला टिंगलीनं, पण नेमका. बायका माहेरी गेल्या, जोतिबाला गेल्या, आदमापूरला गेल्या, आणि कितीतरी नुसत्याच गेल्या. सरकारनं हे मतांसाठी केलं असेल. असो. गौरीच्या जागरानंतर बायकांना मिळालेली ही पहिली मोठी मुभा, आणि तिला तिथी नाही.

गेल्या महिन्यात भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तिकिटावर नरसोबाच्या वाडीला गेल्या. घरी सांगून गेल्या होत्या, दत्ताला जातो म्हणून. संध्याकाळी परत आली तेव्हा मी तिथंच होते. वहिनीनं भाकरी उलथता उलथता विचारलं, "गर्दी होती का गं दर्शनाला?"

भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "दर्शन न्हाई घेतलं. घाटावर बसलो. मग आलो."

"दिवसभर?"

"व्हय. असंच."

तव्यावरची भाकरी फुगली, वहिनीनं ती दाबली नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दादा बाहेर फोनवर होता. वहिनीनं भाकरी टोपलीत टाकली, पुढचा गोळा हातात घेतला आणि तो तसाच धरून विचारलं, "पाणी किती हाय गं आता संगमाला?"